मांजराचे कान, मांजराची उडी

पशुवैद्याच्या दवाखान्यात संध्याकाळी तासभर बसले की मांजरवाल्यांच्या तक्रारी पाठ होतात. सगळ्यात जास्त ऐकू येते ती कानाची. ‘डॉक्टर, सारखी कान खाजवतेय.’ ‘सकाळपासून डोकं झटकतोय.’ ‘कानातून काळी घाण येतेय हो, वासही मारतोय.’ त्याखालोखाल लसी, जुलाब, सोडलेले खाणे, बोक्यांच्या मारामारीतून झालेले गळू, गॅलरीतून पडून मोडलेला पाय. पण ‘आमच्या मांजराचे सांधे दुखतात’ असे सांगत कुणी पिंजरा टेबलावर ठेवलेला मी पाहिलेला नाही.

आकडे मात्र वेगळेच सांगतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांचे जुने एक्स-रे काढून तपासले आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्वद मांजरांच्या सांध्यांत झीज दिसत होती. मग याच विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा महिन्यांपासून वीस वर्षांपर्यंतच्या सगळ्या वयांची शंभर मांजरे निवडली. २०१० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात ९२ मांजरांच्या निदान एका सांध्यात तरी बदल सापडले. एक्स-रेमध्ये झीज दिसली म्हणजे ते मांजर कण्हत असेलच असे नाही, हे इथेच सांगायला हवे. काहींचे चित्र वाईट असते आणि चाल उत्तम असते. काहींचे नेमके उलट. तरीही दवाखान्यात एकही तक्रार येऊ नये इतके हे दुखणे दुर्मीळ नक्कीच नाही.

कानाच्या बाबतीत आपण उतावळे असतो. घरातल्या कुठल्यातरी बाटलीतले चार थेंब ओतून मोकळे होतो. सांध्यांच्या बाबतीत ‘वय झालं’ हे दोन शब्द पुरतात. दोन्हीकडे हाल मांजराचे होतात, आणि दोन्हीकडचे बरेचसे हाल टाळता येण्यासारखे आहेत असे माझे ठाम मत आहे.

आधी कान. मांजर शिकार करते ती डोळ्यांइतकीच कानांच्या जोरावर. रिकी आणि हेन्री हेफ्नर या संशोधक दांपत्याने १९८५ मध्ये मांजराच्या श्रवणाची मोजणी केली. ४८ हर्ट्झपासून ८५ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज मांजराला ऐकू येतात. माणसाचे कान वीस किलोहर्ट्झच्या आसपास थांबतात. उंदराच्या पिल्लांची जी चिवचिव आपल्या कानांवर कधीच पडत नाही, ती मांजराला कळते. दोन्ही कान स्वतंत्रपणे, जवळजवळ अर्ध्या वर्तुळात फिरतात. त्यामुळे ते डोके न हलवता आवाजाचा माग काढते. फटाक्यांच्या दिवसांत मांजर कपाटामागून बाहेर का येत नाही, हे यावरून समजावे.

कानाची आतली रचना समजून घेतली की पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात. माणसाच्या कानाची नळी जवळपास सरळ आत जाते. मांजराची आधी उभी खाली उतरते, मग काटकोनात आत वळते, आणि त्या वळणापलीकडे कानाचा पडदा असतो. बाहेरून कितीही वाकून पाहिले, मोबाइलचा टॉर्च मारला, तरी वळणापलीकडचे काही दिसत नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे ऑटोस्कोप असतो. निरोगी कानाला मुद्दाम साफ करायची गरज नसते, कारण नळीची त्वचा आतून बाहेर सरकत राहते आणि मळ स्वतःच वर आणून टाकते. इअरबड घातला की वर येत असलेला मळ पुन्हा वळणापाशी ढकलला जातो. वरच्या भागात मळ दिसला तर बोटाला ओला कापूस गुंडाळून, जिथवर बोट सहज जाते तिथवर पुसावे. पुढे जाऊ नये.

पिल्लांच्या आणि रस्त्यावरून घरात आलेल्या मांजरांच्या कानात जी कोरडी, काळपट तपकिरी, कॉफीच्या चोथ्यासारखी घाण दिसते, तिचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे इअर माइट. याचे शास्त्रीय नाव ओटोडेक्टेस सायनोटिस. डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसावा एवढा हा जीव. घाण काळ्या कागदावर झटकून भिंगातून पाहिली तर पांढरे ठिपके हलताना दिसतात. अंड्यापासून प्रौढ किडा व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि उपचारांचे सगळे गणित या तीन आठवड्यांवर चालते. चार दिवस औषध घातले, खाज थांबली, बाटली फडताळात गेली. मागे राहिलेली अंडी फुटली आणि महिन्याने तेच मांजर तशाच कानांनी पुन्हा दवाखान्यात आले. दुसरी गोष्ट अशी की हे किडे अंगाला अंग लागून पसरतात. घरात तीन मांजरे आणि एक कुत्रा असेल, तर खाजवणाऱ्या एकट्यालाच औषध देऊन भागत नाही. सगळ्यांना एकाच वेळी द्यावे लागते.

आता या त्रासावर चांगली औषधे आहेत. सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन असलेले थेंब मानेच्या मागे, जिथे मांजराची जीभ पोचत नाही, तिथे कातडीवर सोडतात. औषध कातडीतून अंगात भिनते आणि कानाशी झटापट करावी लागत नाही. ज्यांनी फिसकारणाऱ्या बोक्याला चादरीत गुंडाळून कानात थेंब घालायचा प्रयत्न केला आहे, त्यांना ही सोय केवढी मोठी आहे ते वेगळे सांगायला नको. मात्र थेंबांची मात्रा वजनावर ठरते, तेव्हा ती डॉक्टरांनीच ठरवावी.

घरगुती उपायांबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण सगळ्यांत जास्त नुकसान मी तिथे पाहिले आहे. कोमट खोबरेल तेल, लसूण घालून कडवलेले तेल, कडुलिंबाचे तेल, लिंबाचा रस, हळद, हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि कुत्र्यासाठी आणलेली गोचिडांची पावडर, असे सगळे मांजरांच्या कानात जाते. देणाऱ्याच्या मनात माया असते, याबद्दल शंका नाही. तेलाने मळ मऊ होतो, काही किडे गुदमरून मरतातही. पण अंडी राहतात, आणि मांजर अंगाचे मुटकुळे करून झोपते तेव्हा शेपटीवर, डोक्यावर गेलेले किडे कानात परत येतात. लसूण आणि कांदा मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. कानात घातलेले तेल पंजाने पुसून मांजर चाटणारच. कुत्र्यांच्या अनेक औषधांत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते; मांजराला त्याने थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. टी ट्री ऑइलही मांजराला विषारी आहे.

सगळ्यांत मोठा धोका पडद्याचा. पडदा आधीच फाटलेला असेल तर वरून घातलेले औषध मध्यकर्णात आणि तिथून पुढे उतरते. औषधातले जेंटामायसिन किंवा क्लोरहेक्सिडिन अशा वेळी बहिरेपण आणू शकतात, तोल घालवू शकतात. मागच्या वेळचे उरलेले थेंब या वेळी वापरू नयेत, ते यासाठी. मागच्या वेळी पडदा धड होता, आज तो आहे की नाही हे आपल्याला घरी कळत नाही.

कानाची बाकीची दुखणी थोडक्यात. कानाच्या कडांवर पांढरट, जाड खपली धरून ती कपाळाकडे पसरत असेल तर ती बहुधा डोक्याची खरूज असते. तिचा किडा वेगळा, आणि ती सांभाळणाऱ्याच्या हातांवरही काही दिवस खाज उठवते. अती खाजवून कानाची पाळ एकदम उशीसारखी फुगली तर आत रक्त साठलेले असते. सुई टोचून बघू नये. ज्या मांजराच्या कानांची टोके पांढरी आहेत आणि जे दिवसभर कौलांवर किंवा गच्चीत ऊन खाते, त्याच्या कानाच्या टोकाला न भरणारी जखम झाली तर थांबू नये. उन्हाने होणारा कातडीचा कर्करोग तिथेच सुरू होतो, आणि लवकर पकडला तर कानाचा तेवढा भाग काढून मांजर वाचते. मान एका बाजूला कलली, डोळ्यांची बुबुळे आपोआप हलू लागली, एक बाहुली लहान झाली किंवा डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरे पापुद्र्यासारखे पटल वर आले, तर दुखणे मध्यकर्णात किंवा त्याही आत पोचले आहे. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये.

पांढऱ्या रंगाच्या आणि निळ्या डोळ्यांच्या मांजरांतली पुष्कळ जन्मतः बहिरी असतात. डार्विनने १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये याचा उल्लेख केला आहे. त्याला औषध नाही. रस्त्यावर सोडू नये, एवढेच आपल्या हातात असते.

कान आणि सांधे हे दोन विषय एका लेखात का आणले, याचे उत्तर स्कॉटलंडमधल्या एका शेतावर आहे. मांजराच्या कानाची पाळ उभी राहते ती कूर्चेमुळे. हाडांची टोके एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्यावर जे गुळगुळीत अस्तर असते, तीही कूर्चाच. दोन्हींचे प्रकार वेगळे आहेत, पण घडणीत बिघाड झाला तर तो दोन्हीकडे उमटू शकतो. १९६१ मध्ये पर्थशायरमधल्या कूपर अँगस या गावाजवळच्या शेतावर विल्यम रॉस नावाच्या मेंढपाळाला सुझी ही पांढरी मांजरी दिसली. तिचे कान पुढे दुमडलेले होते आणि त्यामुळे चेहरा घुबडासारखा गोल दिसत होता. तिच्या पिल्लांतही तसे कान उतरले. रॉसने त्यातले एक पिल्लू पाळले, पैदास सुरू केली, आणि स्कॉटिश फोल्ड नावाची जात उभी राहिली.

ब्रिटनमधल्या मांजरांच्या नोंदणी संस्थेने, म्हणजे गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सीने, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या जातीची नोंदणी बंद केली. त्या वेळी पुढे आलेली कारणे कानांचीच होती. दुमडलेल्या कानात किडे आणि जंतुसंसर्ग होईल, बहिरेपण येईल, अशी भीती होती. खरे दुखणे पायांत होते. तिथल्या जाणकारांनीही आधी कान पाहिले; सांध्यांकडे नीट बघायला वेळ लागला. तोवर ही मांजरे अमेरिकेत पोचली होती, लोकप्रिय झाली होती.

१९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रिचर्ड मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मांजरांची हाडे आणि सांधे तपासून लिहिले की दुमडलेल्या कानांचा जनुक एकाच पालकाकडून आला असला तरी सांध्यांचा विकार होतो. दोन्ही पालकांकडून आला तर तो लवकर आणि फार तीव्र होतो. घोटे जाड होतात, शेपूट आखूड आणि ताठ बनते, पंजे पसरतात, मांजर उडी मारायचे सोडते. २०१६ मध्ये हा बिघाड टीआरपीव्ही-४ या जनुकात सापडला. जी खोड कानाची कूर्चा दुमडते, तीच सांध्यांची कूर्चा बिघडवते. कान दुमडलेला हवा आणि सांधे निरोगी हवेत, असा सौदा निसर्गात उपलब्ध नाही.

नेदरलँड्समध्ये आणि बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात या मांजरांची पैदास आता बेकायदा आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातही तिच्यावर बंदी आहे. तरी टेलर स्विफ्टसारख्या गायिकेच्या मांडीवरची दोन फोल्ड मांजरे जगभर पाहिली जातात, आणि मागणी वाढत राहते. पाय पुढे पसरून, पाठ टेकून बसलेल्या फोल्डचे ध्यानस्थ बसल्यासारखे फोटो लोक कौतुकाने एकमेकांना पाठवतात. पाय दुमडून बसणे त्या मांजराला त्रासाचे होत असेल, ही शक्यता त्या फोटोखाली कुणी लिहीत नाही. मुंबई, पुणे, बंगळुरूमध्ये ही पिल्ले विकायला असतात. ती विकत घेणे म्हणजे जन्मभराच्या सांधेदुखीला पैसे मोजणे आहे, आणि हे मी कुठलाही आडपडदा न ठेवता म्हणते. ज्यांच्या घरी असे मांजर आधीच आहे त्यांनी मात्र अपराधी वाटून घेण्यापेक्षा लहान वयातच त्याचे एक्स-रे काढून घ्यावेत आणि वेदनाशमनाची सोय करावी.

फोल्डची गोष्ट टोकाची आहे. आपल्या घरातल्या साध्या मनीची गोष्ट फार हळू घडते, आणि म्हणून निसटते. पुण्यात एका दवाखान्यात लसीसाठी मांजर घेऊन आलेल्या आजींशी डॉक्टरांचे बोलणे चालले होते. मांजरी तेरा वर्षांची.

‘आजी, हिचं बाकी सगळं ठीक ना?’

‘अगदी ठीक. उलट आता फार शहाणी झालीय हो. पूर्वी फ्रीजवर चढायची, ओट्यावर यायची, मी ओरडून ओरडून थकायचे. आता नाव नाही. एका जागी बसून असते बिचारी.’

डॉक्टरांनी मांजरीची मागची तंगडी हळूच लांब केली. मांजरीने आवाज काढला नाही, फक्त कान बाजूला पाडले आणि पाय ओढून घेतला.

‘आजी, शहाणी नाही झाली ती. तिला चढवत नाहीये.’

आजींचा चेहरा उतरला. पण त्यात त्यांचा काय दोष? मांजर लंगडत नाही. कुत्र्याचा एक पाय दुखला तर ते तीन पायांवर चालते आणि घरभर कळते. मांजराचे बहुधा दोन्ही कोपर किंवा दोन्ही खुबे एकदमच झिजतात. मग लंगडायचे कोणत्या पायाने? लहान शिकारी प्राणी असल्याने मोठ्या जनावरांपासून जपून राहणे त्याच्या रक्तात आहे. दुबळेपण दाखवणे त्याला परवडलेले नाही. ते ओरडत नाही, आयुष्यातून एकेक गोष्ट गाळत जाते. आधी फ्रीज जातो, मग ओटा, मग खिडकी. शेवटी पलंगावर येणे थांबते, आणि आपण म्हणतो, हल्ली लळा कमी झाला.

काय बघायचे, हे नॉर्थ कॅरोलायनाच्याच संशोधकांनी फार सोपे करून ठेवले आहे. मांजर वर उडी मारताना, खाली उडी मारताना, जिना चढताना, जिना उतरताना, धावताना आणि हलत्या वस्तूमागे झेपावताना पूर्वीसारखे वागते का? या सहा प्रश्नांची उत्तरे कुठलाही पालक घरबसल्या देऊ शकतो, आणि एका ठिकाणी जरी ‘नाही’ आले तरी सांधे तपासून घ्यावेत. उडी मारायच्या आधी मांजर थबकते का, अंदाज घेत दोनदा मागे येते का, पलंगावर एका झेपेऐवजी पुढचे पाय टेकवून स्वतःला ओढून घेते का, हेही बघावे. उतरताना धप्पकन आवाज येत असेल तर पुढचे सांधे भार झेलत नाहीयेत.

आणखी खुणा आहेत, आणि त्या सांध्यांच्या वाटतच नाहीत. पाठीवर शेपटीच्या मुळाशी केसांच्या जटा होतात, कारण मान आणि कंबर वळवून तिथवर चाटता येत नाही. नखे वाढून आत वळतात आणि पंजाच्या गादीत रुततात, कारण खांबावर अंग ताणून नखे खरवडणे दुखते. वाळूच्या ट्रेबाहेर लघवी होऊ लागते. या शेवटच्या गोष्टीपायी किती मांजरे घराबाहेर काढली जातात ते विचारू नका. ‘म्हातारपणी घाण करायला लागला’ म्हणतात. ट्रेची कड वीतभर उंच असते आणि खुबे दुखत असतात, एवढेच त्यामागे असू शकते. आणि मांजर घुरघुरते म्हणजे सुखात आहे असेही धरून चालू नये. आजारी आणि दुखावलेली मांजरेही घुरघुरतात.

इथे कान पुन्हा मदतीला येतात. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी तयार केली. कानांची ठेवण, डोळ्यांचे आकसणे, तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि डोक्याची पातळी या पाच गोष्टींना शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा जास्त गुण झाले तर वेदनाशामक द्यायला हवे. स्वस्थ मांजराचे कान पुढे रोखलेले असतात. दुखत असेल तर ते किंचित बाहेरच्या बाजूला वळतात, दोन कानांतले अंतर वाढते. पट्टी मुख्यतः शस्त्रक्रियेनंतरच्या किंवा अचानक आलेल्या वेदनेसाठी आहे; वर्षानुवर्षांच्या सांधेदुखीत चेहरा बराच सरावलेला असतो. तरी कानांकडे बघण्याची सवय लागली तर ती कधीच वाया जात नाही.

आता औषधे. सगळ्यांत आधी, सगळ्यांत स्पष्ट: घरातली पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये. माणसाचे यकृत ज्या वाटेने हे औषध निकामी करते, ती वाट मांजराच्या यकृतात जवळपास बंद आहे. औषधापासून बनलेले विष रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच घालवते. हिरड्या निळसर तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. चुकून दिली गेलीच असेल तर तासाभरातसुद्धा फरक पडतो. उतारा म्हणून अॅसिटिलसिस्टीन आहे आणि तो लवकर मिळाला तर मांजर वाचते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकही कधी देऊ नयेत. ती मूत्रपिंडांवर आणि पोटावर घाला घालतात.

याची एक छुपी बाजू आहे, जी मराठी घरांनी मनावर घ्यावी असे मला वाटते. गुडघ्यांना दुखण्यावरचे मलम चोळून आजी सोफ्यावर बसतात, आणि मांजर मांडीवर येऊन त्यांचे गुडघे, हात चाटते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फ्लुर्बिप्रोफेन असलेल्या माणसांच्या मलमाबद्दल इशारा दिला होता. दोन घरांतली मांजरे मालकांनी वापरलेल्या अशा मलमामुळे आजारी पडली, काही मेली. मलम लावल्यावर हात धुवावेत, गुडघा कापडाने झाकावा, मलमाचा बोळा उघड्या डब्यात टाकू नये. एवढे पुरते.

मांजरांसाठी म्हणून जे औषध डॉक्टर देतात त्यात मेलॉक्सिकॅम बहुतेकांना माहीत असेल. गिधाडांच्या अभ्यासकांनाही हे नाव ठाऊक आहे. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडे संपत चालली तेव्हा भारताने २००६ मध्ये त्यावर बंदी घातली, आणि गिधाडांना अपाय न करणारा पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आले. मांजराच्या बाबतीत त्याचा हिशेब नाजूक आहे. युरोपात ते अगदी कमी मात्रेत दीर्घकाळ वापरायला मान्यता आहे. अमेरिकेत २०१० पासून वेष्टनावर ठळक इशारा छापतात की मांजराला पुन्हापुन्हा दिल्यास मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो. म्हाताऱ्या मांजरांची मूत्रपिंडे पुष्कळदा आधीच कमजोर असतात. म्हणून आधी रक्ततपासणी, मग औषध, आणि मधूनमधून पुन्हा तपासणी. डॉक्टर तपासणी सांगतात तेव्हा खर्च वाढवत नसतात. नवीन औषधांत फ्रुनेव्हेटमॅब हे महिन्यातून एकदा द्यायचे इंजेक्शन आहे. वेदनेचा निरोप वाहणाऱ्या एका प्रथिनाला ते अडवते. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. कुठल्याही प्राण्यासाठी या प्रशासनाने मान्य केलेली ही पहिली मोनोक्लोनल अँटिबॉडी.

ग्लुकोसामाइनच्या गोळ्या आणि पावडरी मात्र मी विकत घ्यायला सांगणार नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये कुत्र्यामांजरांवरचे तोवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा ग्लुकोसामाइन-काँड्रॉइटिनचा उपयोग दिसला नाही. माशांच्या तेलातल्या ओमेगा-३ चा दिसला. तेही डॉक्टरांना विचारून.

खाण्याबद्दल दोनच गोष्टी, पण दोन्ही महत्त्वाच्या. चार किलोचे मांजर पाच किलोचे झाले तर त्याच्या अंगावर पाव हिश्श्याने ओझे वाढते, आणि ते सगळे त्याच चार पायांवर येते. वजन हळूहळू उतरवावे. मांजराला उपाशी ठेवू नये, त्याने यकृत बिघडते. दुसरी गोष्ट कलेजीची. चिकनवाल्याकडून स्वस्तात मिळते, मांजराला प्राणाहून प्रिय, म्हणून कित्येक घरांत रोज तीच दिली जाते. कलेजीत अ-जीवनसत्त्व प्रचंड असते. ऑस्ट्रेलियात १९६०च्या दशकात, रोज कलेजीवर वाढलेल्या मांजरांवर अभ्यास झाला. त्यांच्या मानेचे मणके आणि पुढच्या पायांचे सांधे हाडांच्या नव्या वाढीने एकमेकांना जखडले गेले होते. पिल्लांना नुसते उकडलेले चिकनही पुरत नाही. मांसात कॅल्शियम फार थोडे असते. हाडे ठिसूळ होऊन वाकतात, मोडतात. कलेजी अधूनमधून चवीपुरती असावी, आणि रोजचे खाणे मांजरासाठी बनवलेले, संतुलित.

घरात करायचे बदल साधे आहेत आणि बहुतेक फुकटातले आहेत. पलंगाशेजारी एक पाट, खिडकीखाली स्टूल, म्हणजे एका उंच उडीच्या दोन लहान उड्या होतात. ट्रेची एक बाजू कापून सखल करावी. जेवण आणि पाणी थोड्या उंचीवर ठेवावे, म्हणजे पुढच्या पायांवर वाकावे लागत नाही. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, तेव्हा नेहमीच्या वाटेवर सतरंजीची पट्टी टाकावी. झोपायला जुनी गोधडी घडी करून द्यावी, आणि ती गार भिंतीपासून दूर असावी. म्हाताऱ्या मांजराची नखे दोन-तीन आठवड्यांनी पाहावीत, वाढली असतील तर कापावीत. जिथे जीभ पोचत नाही तिथले केस आपण विंचरावेत, हळू हाताने.

महाराष्ट्रात आता सोयी वाढल्या आहेत. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशींत जातो आणि मांजर क्वचितच समोर येते. म्हणून मांजराची हकिगत नीट सांगण्याची जबाबदारी पालकावर जास्त येते. शिवाय मोठा असो की लहान, कुठल्याही दवाखान्याच्या टेबलावर मांजर घाबरून गोठलेले असते. तिथे त्याची चाल दिसतच नाही.

दिवाळी सरली की थंडी पडेल, आणि जखडलेले सांधे थंडीतच लवकर उघडे पडतात. तुमच्या घरातले मांजर सात-आठ वर्षांपुढचे असेल तर येत्या आठवड्यात त्याची उडी बघा. पलंगावर चढताना, खिडकीतून उतरताना, जिन्यावर मोबाइलवर छोटे व्हिडिओ काढून ठेवा. पुढच्या लसीला किंवा कान दाखवायला जाल तेव्हा ते डॉक्टरांना दाखवा, आणि कानाबरोबर सांधेही तपासून द्या म्हणून सांगा.